कुसुंब्याचा लाल

पुण्यात ‘रंगारी’ म्हटलं की गणपतीच आठवतो. बुधवार पेठेतल्या शालूकर बोळात राहणारे भाऊ लक्ष्मण जावळे वैद्य होते; शालू रंगवण्याच्या घरच्या धंद्यावरून ते भाऊसाहेब रंगारी झाले. १८९२ साली त्यांनी बसवलेल्या सार्वजनिक गणपतीला आजही गर्दी होते. रंगकामाची आठवण मात्र आडनावापुरती उरली, आणि याचं वाईट वाटतं.

जपानमधल्या क्योतोत एका रंगाऱ्याने हा विसर मोडून काढला. साचिओ योशिओका (१९४६–२०१९) १९८८ मध्ये घरच्या रंगशाळेचे पाचव्या पिढीचे प्रमुख झाले आणि त्यांनी रासायनिक रंग बंदच केले. किमोनोच्या रेशमाला रंग द्यायचा तो झाडापानांचा. त्यासाठी त्यांनी इ.स. ९२७ चा ‘एंगिशिकी’ हा दरबारी नियमग्रंथ धुंडाळला. कोणत्या कापडाला किती वनस्पती लागते, याची मापं त्यात आहेत.

त्यांचा तांबडालाल रंग यायचा तो करडईच्या फुलातून! पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर, लाल अगदी थोडा. पिवळा पाण्यात विरघळतो, म्हणून आधी पाकळ्या गार पाण्यात धुऊन, पिळून तो काढून टाकायचा. मग पेंढ्याच्या राखेच्या पाण्यात त्या मळल्या की लाल सुटतो. त्यात आंबट पडलं की लाल पाण्यातून सुटून रेशमाला धरतो. उष्णतेने हा लाल बिघडतो, म्हणून काम ऐन थंडीत, बोटं बधिर करणाऱ्या पाण्यात. गडद छटा हवी तर कापड पुन्हापुन्हा ताज्या रंगात बुडवायचं. आपल्याकडे करडईच्या फुलाचा रंग म्हणजे कुसुंबा; त्या जुन्या कुसुंबी रंगाची रीतही हीच: राखेऐवजी सज्जीखार, आंबटाला लिंबू.

कुसुंबा उन्हाने उडतो, साबणाने जातो. एकोणिसाव्या शतकात स्वस्त रासायनिक रंग आल्यावर रंगाऱ्यांनी ते घेतले, यात त्यांचा दोष नाही. पोट त्यावर होतं.

फूल मात्र इथेच आहे. सोलापूर-मराठवाड्यात करडई तेलासाठी पेरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचे बिनकाट्याचे वाण काढले, त्यामुळे हात न ओरबाडता पाकळ्या खुडता येतात. क्योतोत योशिओकांची मुलगी सारासा आज ती रंगशाळा चालवते, कारण त्या रंगाची किंमत देणारं गिऱ्हाईक तिथे आहे. इथे पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर हातमागाची साडी घेताना आपण काठ, पदर, जर निरखून बघतो. लाल कशाचा आहे, हेही दुकानदाराला विचारायला हवं.