मसाला आपला, डंक दुसऱ्याचा

मी नंदुरबारला बँकेत होतो, तेव्हा दर उन्हाळ्यात सौ. तिथली लाल मिरची घ्यायची. मसाल्याचे प्रमाण तिच्या आईचे. कुटायचे काम डंकवाल्याचे. घरातच डंक बसवावा, असे आम्हाला कधी वाटले नाही.

सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःचा प्रोसेसर घडवावा का, या प्रश्नाशी मला तो डंक आठवतो. गूगलने २०१५ पासून स्वतः आखलेली 'टीपीयू' चिप वापरायला घेतली. लोक रोज तीन मिनिटे जरी बोलून शोध घेऊ लागले, तरी संगणक-केंद्रे दुप्पट करावी लागतील, असा तिचा हिशेब होता. आराखडा गूगलचा, चिप बनते दुसऱ्याच्या कारखान्यात.

उलट अनुभव पुण्याचा. सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभारला, तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर. पुढे त्या चिपचा वंशच खुंटला आणि सी-डॅकला दुसरे प्रोसेसर शोधावे लागले.

मग प्रत्येकाने चिप आखावी का? नाही. त्यात वर्षे जातात, पैसा अफाट लागतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज शंभर कोटींहून अधिक लोकांची ओळख पटवायची असते. असे एकच काम कोट्यवधी वेळा करायचे असेल, तिथेच स्वतःची चिप परवडते.

दोन माणसांच्या घराने मसाल्याची पुडी खुशाल विकत आणावी. रोज हजार पाने वाढणाऱ्याने मात्र प्रमाण आपल्या हाती ठेवावे.