बंद-परिपथ श्वसनयंत्र: किंमत आणि खर्च

सुप्याच्या पूर्वेस, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनीच्या जलाशयात बुडालेले आहे; पाणी ओसरले की ते दृष्टीस पडते. अशा अवशेषांचे पाण्याखालीच निरीक्षण करावयाचे झाल्यास बंद-परिपथ श्वसनयंत्राचा विचार मनात येतो. त्यात उच्छ्वास बाहेर सोडला जात नाही. त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड सोडा-चुना शोषून घेतो व खर्ची पडलेल्या प्राणवायूची भर घातली जाते. त्यामुळे पाणबुड्यास दीर्घकाळ थांबता येते.

तथापि किंमत आणि खर्च हे शब्द समानार्थी नव्हेत. खरेदीच्या वेळी देतो ती किंमत; यंत्र भरवशाचे ठेवण्यास पुढे लागतो तो खर्च. चुना वरचेवर बदलावा लागतो. प्राणवायुमापक घटक सुमारे वर्ष-दीड वर्षाने बदलावे लागतात. प्रशिक्षण तर अनिवार्यच होय. जुने यंत्र घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. तीन मापक व राखीव वायूची स्वतंत्र टाकी यांत मात्र काटकसर करू नये. कारण प्राणवायू उणा पडल्याची खात्रीलायक पूर्वसूचना शरीर देत नाही, एकाएकी शुद्धच हरपते. अल्पकाळच्या उथळ कामास हवेची साधी टाकी पुरते. अशा वेळी यंत्र न घेणे हीच खरी काटकसर होय.