लिटर आणि घरचा पेला

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या घरी लहान मूल अतिसाराने आजारी पडले आहे, अशी कल्पना करू. दवाखान्यातून आणलेल्या जलसंजीवनीच्या मोठ्या पुडीवर ती एक लिटर पाण्यात विरघळविण्याची सूचना असते. घरात लिटरचे माप नसते. असतो तो रोजचा पेला. अशा वेळी एक लिटर म्हणजे किती पेले, हा प्रश्न केवळ पाकक्रियेचा राहत नाही.

पूर्वी छत्तीसगडात धान्य काठ्याने मोजीत; महाराष्ट्रात निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर व पायली ही मापे रूढ होती. शेराचे मान ठिकठिकाणी निराळे असे. हा घोटाळा दूर व्हावा म्हणून १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९६२ च्या एप्रिलपासून मेट्रिक पद्धती बंधनकारक ठरली. त्यायोगे बाजारातील माप एक झाले. घरातील वाटी व पेला यांना मात्र असे कोणतेही बंधन नाही. परदेशी पाककृतींतील 'कप'सुद्धा एक नव्हे : ऑस्ट्रेलियात तो २५० मिलिलिटरांचा, अमेरिकेत सुमारे २३७ चा, तर जपानात २०० चा धरतात.

म्हणून प्रथम आपल्या पेल्याचे मान ठरवावे. एक लिटरच्या बाटलीतील पाणी पेल्याने मोजून काढावे. १००० ला पेल्यांच्या संख्येने भागले असता एका पेल्याचे मिलिलिटर मिळतात. पाच पेले भरले, तर पेला २०० मिलिलिटरांचा होय. पुढे कोणत्याही द्रवाच्या मिलिलिटरांना या संख्येने भागावे. ६०० मिलिलिटर दूध म्हणजे अशा पेल्याने तीन पेले. परंतु १५० मिलिलिटरांच्या पेल्याने चार.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वर रुंद होत जाणारा पेला निम्म्या उंचीपर्यंत भरला, तरी त्यात निम्मे पाणी मावत नाही. ते निम्म्याहून कमीच असते. तसेच मिलिलिटर व ग्रॅम हे पाण्यापुरते जवळजवळ सारखे आहेत. एक लिटर खाद्यतेलाचे वजन मात्र सुमारे ९१० ग्रॅमच भरते.

आता आजारी मुलाकडे वळू. पेला १५० मिलिलिटरांचा असताना पाच पेले म्हणजे लिटर असे समजले, तर पाणी ७५० मिलिलिटरच होते आणि द्रावण एकतृतीयांशाने अधिक तीव्र बनते. असे जादा मीठ शरीरातील पेशींतून पाणी ओढून घेते व अपायकारक ठरते. उलट पाणी अधिक झाल्यास क्षारांची भरपाई अपुरी पडते.

यावर उपाय सोपा आहे. एका स्वच्छ भांड्यात अचूक एक लिटर पाणी ओतावे, भांडे सपाट जागी ठेवावे, डोळा पाण्याच्या पातळीशी आणावा आणि तेथे कायमची खूण करावी. ही खूण निरोगी दिवशी करून ठेवली, म्हणजे आजारपणाच्या रात्री हिशेब करीत बसावे लागणार नाही.