गुरांची लूत आणि औषधाची दुसरी आंघोळ

मंडळी, पावसाळ्यात गुरं दिवसभर गोठ्यात बांधलेली. जमीन ओली, अंगाला अंग घासतंय. मग एखादी गाय खुंट्याला मान घासायला लागते. शेपटीच्या मुळाशी केस जातात, कातडी जाड होते, खपल्या धरतात. आपण म्हणतो, लूत लागली.

गोचीड डोळ्यांना दिसते, लुतीचा माइट सहसा दिसत नाही. दोघंही आठ पायांचे, कोळ्याचे नातलग. पण सारकॉप्टिस हा माइट कातडीत बोगदे करून आतच अंडी घालतो. नायटाही वरवर असाच दिसतो आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून आधी पशुवैद्यकाकडून कातडी खरवडून तपासून घ्यावी.

ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत गुरांचे कळप औषधाच्या लांब हौदातून पोहत नेतात. त्याला डिपिंग म्हणतात. आपल्या नाटे गावात दोन-चार जनावरांसाठी हौद कशाला? फवारणी पंप किंवा ब्रश पुरे. अमिट्राझ १२.५ टक्के असेल, तर गोचिडीसाठी साधारण १ लिटर पाण्याला २ मिली घेतात. लुतीला प्रमाण वेगळं लागू शकतं, ते पशुवैद्यकांनी सांगावं. अंदाजाने झाकण ओतू नका. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते औषधाचं पाणी पिणार नाही. पावसाची उघडीप बघा, हातमोजे घाला. कान, काख, शेपटीखाली औषध पोचलंच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आंघोळीत माइट मरतात, पण अंडी बहुतेक वाचतात. तीन ते पाच दिवसांत ती फुटतात. म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा औषध लावायचं. खाज थांबली म्हणून दुसरी वेळ टाळली, की लूत परत येते आणि दोष औषधाला लागतो. आणि एकट्या गायीला नाही, गोठ्यातल्या सगळ्या गुरांना लावायचं. गव्हाण, खुंटे, दावीही साफ करा.

दुभती गाय असेल, तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे लेबलवर बघा. आणि उरलेलं औषध वहाळात किंवा खाडीत ओतू नका. डेल्टामेथ्रिनसारखं औषध माशांना, कोळंबीला फार घातक असतं. आपल्या गावाची अर्धी चूल खाडीवर पेटते, बरं का.