गंज दिनमा उना भो!

‘बबल्या इकस केसावर फुगे’ या नावाचं गाणं काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर वरातींतून वाजलं. कोकणात वाजलं, नागपुरात वाजलं. नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना ‘इकस’ म्हणजे ‘विकतो’ हे ठाऊक होतं, कोण जाणे. अनेकांना ते नाव म्हणजे नुसती गंमत वाटली. पण बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवून ठेवतात, फेरीवाला ते घेतो आणि बदल्यात पोरांच्या हातात फुगे देतो, हा गल्लीतला खराखुरा व्यवहार आहे. गाण्याचं नाव त्याची साधी बातमी देतं, इतकंच.

‘इकस’मधला हा ‘स’ ही खानदेशातल्या अहिराणी बोलीची पहिली खूण. मी जास, तू जास, तो जास. तिघांनाही एकच रूप पुरतं. ‘मला’चं ‘माले’ होतं, ‘माझा’चं ‘मना’, ‘घराला’चं ‘घरले’. आणि ‘ळ’ला इथल्या बोलींत फारसा थारा नाही. डोळा डोया होतो, काळा काया, आणि जुन्या माणसाच्या तोंडी खुद्द जळगावचं जयगाव होतं.

खरी पंचाईत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. ‘मामा उना’ ऐकून पुण्याचा माणूस मामात काय उणं आहे ते शोधू लागेल. मामा फक्त आलेला असतो. ‘गंज’ ऐकला की त्याला लोखंड आठवेल. इथे गंज म्हणजे पुष्कळ. ‘गंज दिनमा उना भो’ यात बऱ्याच दिवसांनी आल्याचा आनंद आहे आणि इतके दिवस न फिरकल्याची तक्रारही. कुठली जास्त, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर बघायचं. तसंच ‘कथा जाई ऱ्हायना?’ हा प्रश्न. कुठे चाललास, असा त्याचा शब्दशः अर्थ, पण विचारणाऱ्याला तुमच्या प्रवासाचा तपशील नको असतो. तो रामराम आहे. ‘आठेच भो’ एवढं उत्तर पुरतं. खरोखर पत्ता सांगत बसणारा बाहेरगावचा, हे लगेच कळतं.

‘भो’ म्हणजे भाऊ, पण तो नात्याहून हाकेच्या कामी जास्त येतो. वडीलधाऱ्या, मान असलेल्या माणसाला ‘जिभाऊ’. आबा, नाना, तात्या, अप्पा यांच्या रांगेत हा जिभाऊ खास इथला. निवडणुकीच्या फलकांवर आडनावापेक्षा ही बिरुदंच मोठ्या अक्षरांत दिसतात. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर, आत्या फुई, व्याही तो याही, म्हातारा धल्ला. यातला फुई शब्द शेजारच्या गुजरातीतही आहे. तापीचं खोरं सुरतेपर्यंत सलग गेलेलं असताना शब्द सीमेवर थांबले असते तरच नवल.

शिव्यांचंही तसंच. ‘तुना मुडदा बशे’ हे आईने लाडात म्हटलं तर पोरगं हसतं, शेजाऱ्याने म्हटलं तर भांडण पेटतं. अर्थ शब्दांपेक्षा बोलणाऱ्याच्या नात्यावर ठरतो. म्हणूनच बाहेरच्याने पहिल्या आठवड्यात असं काही बोलून बघू नये.

अशी भाषा कुठून येते, हे बघायला थोडं लांब जाऊ. जगभर तोंडात बसलेलं ‘ओके’ 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात गमतीने छापलं गेलं. ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं घेतली होती. ढोबळ अंदाजाला अमेरिकन माणूस ‘बॉलपार्क फिगर’ म्हणतो. त्यातलं बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. जिथे लोकांचा जीव गुंतलेला, तिथून बोलणं येतं. जळगाव जिल्ह्यात तो केळीत गुंतलेला आहे. रावेर-यावलच्या बाजारभावाची बातमी अनोळखी माणसाला गूढ वाटेल. ‘नवती’ म्हणजे नव्या लागवडीचं पहिलं पीक, ‘पिलबाग’ म्हणजे ते कापल्यावर ठेवलेल्या पिलांवर घेतलेलं पुढचं, ‘कांदेबाग’ म्हणजे पावसाळा सरताना लावलेली केळी. या कांदेबागेत कांदा शोधू नये. ‘वापसी’ म्हणजे निवडीत मागे पडलेला, कमी भावाचा माल. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या शब्दांना असलं प्रमाणपत्र लागत नाही. रोजचा भाव त्यांना जिवंत ठेवतो.

कापसाचं ‘फरदड’ही तसंच. वेचणी संपल्यावर पुन्हा पाणी देऊन घेतलेलं लांबलेलं पीक. आणि ‘आखाजी’. अक्षय्य तृतीयेचं हे नाव इथे नुसत्या सणाचं नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि सालदाराचं, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, वर्षही याच दिवशी संपून नवं ठरतं. त्यामुळे ‘आखाजीले देखू’ हे शब्द सालदार म्हणतो तेव्हा त्यात पुढच्या सालाची बोलणी दडलेली असते. काही न करता घाईत असल्याचं दाखवणाऱ्याला मात्र बारा महिने एकच ऐकावं लागतं : ‘काम कवडीनं नही, फुरसद घडीनी नही.’

एक गैरसमज खोडायलाच हवा. खानदेशी म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा गणबोली, जामनेर भागात तावडी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता सर्रास अहिराणीच्या खात्यात टाकली जाते. ती लेवा बोलीतली आहे. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांचं गावही याच लेवा मुलखातलं.

भाषाभ्यासक ग्रिअर्सनने 1907 साली भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला मराठीऐवजी भिल्ल भाषांच्या शेजारी बसवलं. अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. गुजरातीशी जुळणारी रूपं पाहिली तर मला ग्रिअर्सन अगदीच चुकला असं वाटत नाही, जरी हे बोलून दाखवलं की गावात चहा मिळायची खात्री नसते. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी नोंद आहे, सुमारे 18 लाख 60 हजार लोकांची. खरा आकडा याहून बराच मोठा असणार. प्रगणक दारात उभा राहिला की घरातली माणसं मातृभाषा मराठी सांगतात, आणि तो शेजारच्या दाराकडे वळताच आत ओरडतात, ‘च्या उकयना का वं माय?’