वय, ताण आणि कॉर्टिसॉल: बायकांचं वेगळं काय?

नोव्हेंबर आला की आपल्या गंगाखेडातही पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. मशीनवर अंगठा ठेवायचा, तो जुळत नाही. म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मागची रांग बघत असते, छातीत धडधडतं. घरी आल्यावर आजोबा जेवून झोपतात, आजींना मात्र रात्री डोळा लागत नाही. मग घरचे म्हणतात, एवढं वय झालं, अजून मन शांत नाही!

गीतेतला स्थितप्रज्ञ आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. पण त्यालाही ग्रंथी असतातच, आणि त्यांचं काम आधी समजून घेतलं पाहिजे.

संकट दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला निरोप धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना. तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं, साखर वाढवतं, शरीर सज्ज होतं. आणि गंमत बघा, पुरेसं झालं की हेच कॉर्टिसॉल मेंदूला सांगतं, ‘आता बस्स’. वय वाढतं तसं हे ‘बस्स’ मेंदूला नीट ऐकू येत नाही. रात्री कॉर्टिसॉल सगळ्यात खाली उतरायला हवं, ते उतारवयात तितकं उतरत नाही.

2005 साली ख्रिश्चन ओटे आणि सहकाऱ्यांनी 45 अभ्यास एकत्र तपासले. म्हाताऱ्यांचा कॉर्टिसॉल-प्रतिसाद तरुणांपेक्षा जास्त निघाला, आणि वयाचा हा परिणाम पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळजवळ तिप्पट होता. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, त्याचा यात हात असावा असा अंदाज आहे.

पण लगेच ‘बायका हळव्याच’ असा निकाल देऊ नका. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत ताण औषध देऊन निर्माण केला होता. माणसांसमोरची फजिती ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात 1993 साली एक चाचणी तयार झाली: अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करा, मग 1022 मधून 13-13 वजा करत जा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! अशा चाचणीत लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, तेव्हा वयस्क पुरुषच वयस्क बायकांच्या पुढे दिसले. म्हणजे ताण कोणता आणि मोजला कशात, यावर उत्तर फिरतं. (आजोबा जेवून झोपले म्हणून ते स्थितप्रज्ञ, असंही समजू नये.)

म्हणूनच आजींच्या जागरणाला स्वभावदोष म्हणणं आम्हाला पटत नाही. जनाबाईंच्या गावात तरी ते कुणी म्हणू नये. वाटण्यांचे, कर्जाचे विषय रात्रीच्या जेवणानंतर काढण्यापेक्षा सकाळी काढावेत, एवढं तर घरात जमेल.

आणि हो, लॅबच्या पॅकेजात कॉर्टिसॉलची तपासणी दिसली म्हणून करून घेऊ नका. सकाळी आठचा आकडा आणि रात्री अकराचा आकडा यांत मुळातच मोठा फरक असतो. एका नमुन्यावरून कुणाला किती ताण आहे, ते कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि ते सांगतील त्या वेळेलाच रक्त द्यावं.