शाळाच मुलांच्या अंगणात

हजेरीत गैरहजर मुलापुढे फुली मारताना मला अनुताई वाघ आठवतात. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. तरी शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत रमल्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी! गुराख्यांसाठी वर्ग कुरणात. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. मोजायला खडे नि शिंपले. १९९२ मध्ये, ८२ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

परवा फुली मारण्याआधी मी थांबले. शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी गेले. धाकट्या भावाला सांभाळत बसली होती बिचारी. म्हटलं, "उद्या त्यालाही घेऊन ये हो!"